आशीर्वादानंतरची सभा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७



रविवारची उपासना संपत आली आहे. शेवटचे गीत झाले, पाळकांनी आशीर्वाद दिला, आणि तेवढ्यात चिटणीस पुढे येऊन सांगतात, "मंडळीची वार्षिक सभा लगेच सुरू होईल, सर्व सभासदांनी कृपया बसून राहावे." अशा वेळी आपण काय करता? ह्याचे उत्तर मला देऊ नका, स्वतःशीच द्या. मी मात्र चाळीस वर्षे वेदीजवळ उभा राहून ते उत्तर डोळ्यांनी पाहिले आहे. मागची बाके आधी रिकामी होतात. कोणाला एस.टी. गाठायची असते, कोणाकडे पाहुणे यायचे असतात. स्त्रिया मुलांना घेऊन निघतात, कारण तेथे आपले काय काम, असे त्यांना पिढ्यान्पिढ्या वाटत आले आहे. तरुण तर 'आमेन'लाच दाराशी पोहोचलेले असतात. उरतात पंधरावीस माणसे. त्यांतली निम्मी कर्तव्य म्हणून बसलेली आणि निम्मी भांडायच्या तयारीने आलेली. ह्या पंधरावीस जणांनी जे ठरवले त्याला आपण पुढे वर्षभर 'मंडळीचा निर्णय' म्हणतो, आणि वर्षभरच त्याविषयी कुरकुर करतो.

ह्या विषयावर लिहिण्याची निकड मला सेवानिवृत्तीनंतर, तीही दूर कर्नाटकात, वाटली. माझी थोरली बहीण, आमची आक्का, आपल्या मुलाकडे आनेकल तालुक्यात राहत असे. आनेकल हा बंगळूर शहर जिल्ह्याचा दक्षिणेकडचा तालुका. पलीकडे तमिळनाडूतील होसूर. नाचणीची शेते, तुतीचे मळे आणि रेशमाचे माग ही त्याची जुनी ओळख. आज बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले येथील कारखान्यांनी आणि शेजारच्या इलेक्ट्रॉनिक सिटीने देशभरची माणसे तेथे ओढून आणली आहेत. त्यांत आपली मराठी मुलेही आहेत, आणि त्यांत प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा घेतलेलीही आहेत. माझा भाचा त्यांपैकीच एक. तेथील एका लहानशा मंडळीत तो बायकामुलांसह सात वर्षे नियमाने जात होता. मंडळी दक्षिण भारत मंडळीची, म्हणजे आपण ज्याला सी.एस.आय. म्हणतो तिची, उपासना कन्नडमध्ये.

एका एप्रिल महिन्यात मी त्यांच्याकडे असताना ह्या मंडळीत प्रभुभोजनाला बसलो. मला कन्नड येत नाही, पण विधी ओळखीचा होता, त्यामुळे शब्द कळले नाहीत तरी आपण कोठे आहोत हे कळत होते. १९५० साली दक्षिण भारत मंडळीने प्रभुभोजनाचा जो विधी स्वीकारला त्यात आद्य मंडळीची एक प्रथा पुन्हा आणली : पाळकाच्या हातून निघालेली शांती हातोहात बाकांवर बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते. माझ्या शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने दोन्ही तळव्यांत माझा हात धरला. भाषेची अडचण कोठेच आली नाही. मग आशीर्वाद झाला, चिटणीस उभे राहिले, काहीतरी बोलले, आणि भाचा मला म्हणाला, "मामा, चला. पुढचं त्यांचं आहे."

"त्यांचं म्हणजे?"

"वार्षिक सभा. आपण काय, पाहुणे."

सात वर्षे! सात वर्षे ज्या भाकरीतून वाटा घेतला तेथे हा मुलगा पाहुणा होता. मी विचारले, नाव नोंदवले आहेस का? तर नाव गावच्या मंडळीत, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात. तेथे वर्गणी भरतोस का? नाताळाला गेलो तर भरतो. येथे? अर्पणाच्या थैलीत टाकतो. म्हणजे गावच्या नामावलीत तो आहे पण गावात नाही. आनेकलमध्ये आहे पण नामावलीत नाही. वाचकहो, हसू नका. मुंबई, पुणे, हैदराबाद, बडोदे, दिल्ली येथे राहणाऱ्या आपल्यापैकी कितीजण असेच दोन्ही उंबऱ्यांच्या मध्ये उभे आहेत!

त्या दुपारी मला एका शब्दाने फार छळले. चिटणिसांच्या सूचनेत मला एकच शब्द कळला होता : 'सभे'. मला वाटले ते सभेविषयी बोलत आहेत. नंतर समजले की कन्नड ख्रिस्ती लोक मंडळीलाच 'सभे' म्हणतात आणि पाळकाला 'सभापालक'. आपण ज्याला उपासनेनंतरची कटकट समजतो, तो शब्दच त्यांनी प्रभूच्या मंडळीला दिला आहे. आणि हे काही कन्नड भाषांतरकारांचे वैशिष्ट्य नव्हे. नव्या करारात मंडळीसाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, 'एक्लेसिया', तो देवळातला शब्दच नव्हता. ग्रीक नगरांत नागरिकांना बोलावून त्यांच्यापुढे नगराचे प्रश्न ठेवले जात, त्या सभेचे हे नाव. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ मध्ये इफिसच्या नाट्यगृहात गोंधळ घालणाऱ्या जमावाला, आणि ज्या कायदेशीर सभेत हा प्रश्न सोडवा असे नगराचा शिरस्तेदार सांगतो त्या सभेलाही, हाच शब्द लावला आहे. त्या नागरी सभेत स्त्रियांना जागा नव्हती, दासांना नव्हती, परक्या गावच्यांना नव्हती. प्रभूच्या शिष्यांनी उपासनेसाठी वापरात असलेले दुसरे शब्द बाजूला ठेवून हा शब्द उचलला, आणि बाहेर ठेवलेल्या त्या सर्वांना आत घेतले. आपला मराठी 'मंडळी' हा शब्द तर त्याहून घरगुती. 'घरची मंडळी कशी आहेत?' असे आपण विचारतो तेव्हा इमारतीची चौकशी करीत नसतो.

आता आजच्या शास्त्रपाठाकडे वळू. यरुशलेमातील पहिल्या मंडळीत शिष्यांची संख्या वाढू लागली आणि कुरकुर सुरू झाली. लूक ही गोष्ट लपवीत नाही, ह्याबद्दल आपण त्याचे आभार मानले पाहिजेत. आजच्या आपल्या अहवालांत अशी वाक्ये कोण लिहितो? कुरकुर सिद्धांतावरून नव्हती. भाषेवरून आणि भाकरीवरून होती. यरुशलेमात दोन प्रकारचे यहूदी ख्रिस्ती होते : तेथलेच, इब्री बोलणारे, आणि परदेशात वाढून परतलेले, ग्रीक बोलणारे. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. हे मुद्दाम होत होते असे शास्त्र सांगत नाही. ते कसे झाले असेल ह्याची कल्पना आपण करू शकतो. वाटणी करणाराला ज्यांची भाषा येते, ज्यांची घरे माहीत आहेत, त्यांच्या ताटात आधी पडते. म्हातारी ग्रीक बोलणारी असेल तर तिला किती भूक आहे हे विचारायचे कोणी आणि कसे? अन्याय करण्यासाठी नेहमी दुष्टपणाच लागतो असे नाही. ओळख नसणे पुरते.

प्रेषितांनी काय केले ते पाहा. कुरकुर करणाऱ्यांची नावे विचारली नाहीत. 'तुम्ही कृतघ्न आहात' असा उपदेश केला नाही. बाराजणांनी खोलीत बसून निर्णय घेऊन तो रविवारी वाचून दाखवला नाही, आणि तसे ते करू शकले असते. प्रभूने स्वतः निवडलेले ते बारा! त्यांनी सर्व शिष्यगणाला बोलावले. आपले काम कोणते, प्रार्थना व वचनाची सेवा, हे स्पष्ट सांगितले आणि म्हणाले की सातजण तुम्ही निवडा. कसल्या गुणांची माणसे हवीत तेवढे आम्ही सांगतो. निवड लोकांची, नेमणूक प्रेषितांची, हात ठेवून प्रार्थना देवापुढे. बिशप असलेल्या मंडळ्यांची सारी घटना बीजरूपाने ह्या सात वचनांत आहे असे मला वाटते.

आणि लोकांनी निवडलेली नावे? स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातच्या सात ग्रीक नावे. ग्रीक नावाचा प्रत्येक माणूस ग्रीकभाषिकच असेल असे नाही हे खरे. बाराजणांतही एक फिलिप्प आणि एक अंद्रिया होता. तरीपण सातांपैकी सातही योगायोगाने ग्रीक यावेत हे कठीण दिसते. शेवटचा नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता, अंत्युखियाहून आलेला, मागाहून त्या धर्मात शिरलेला. म्हणजे बहुसंख्य इब्री मंडळीने भांडाराच्या किल्ल्या ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती दिल्या. 'तुमचे दोन, आमचे पाच' असा हिशेब केला नाही.

आपल्या मंडळ्यांत असे घडते का? कमिटीत 'बाहेरच्या' एकाला घेतले म्हणजे आपण फार उदार झालो असे आपणांस वाटते, आणि त्याला बहुधा सुगीच्या सणाच्या मंडपाचे काम देतो. हिशेबाची वही नव्हे. (सुगीच्या लिलावाची गोष्ट वेगळी. आनेकलला मी एक फणस आणि एक गावठी कोंबडा मूळ किमतीच्या कितीतरी पटीने जाताना पाहिला. बोली लावणाऱ्याची भाषा तेथे कोणी विचारत नाही!)

पूर्वी हे सारे असेच होते का, असे कोणी विचारील. नव्हते. बंगळूरच्या छावणीतील सेंट मार्क्स चर्चचा पाया १८०८ मध्ये घातला आणि ते १८१२ मध्ये पूर्ण झाले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करासाठी होते. तेथला चॅप्लेन कंपनीने नेमलेला, वेतन कंपनीचे; शिपाई रांगेने उपासनेला येत आणि रांगेने परत जात. कोणता चॅप्लेन हवा हे त्यांना कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. हिंदुस्थानातील अँग्लिकन मंडळी १९३० पर्यंत कायद्याने इंग्लंडच्या मंडळीशी बांधलेली होती; त्या वर्षी ती स्वतंत्र झाली तेव्हा कोठे आपले निर्णय तिला आपल्याच सभांत घेता येऊ लागले. त्याच मुलखात दुसऱ्या मिशनांनी दुसरी रीत रुजवली होती. लंडन मिशनच्या मंडळ्या काँग्रिगेशनल पद्धतीच्या. सभासदांची सभा हाच तेथे निर्णयाचा पाया. वेस्लियन लोकांत छोटे वर्ग आणि तिमाही सभा. आपल्या महाराष्ट्रातही हेच चित्र. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने आपल्या पूर्वजांना सभेत उभे राहून बोलायला शिकवले. स्कॉटिश मिशनने वडिलांचे मंडळ दिले. अँग्लिकनांनी बिशप, वेस्ट्री आणि प्रार्थनेचे पुस्तक दिले.

हे तीन प्रवाह एकत्र आणायला किती वेळ लागला? दक्षिणेत १९१९ च्या मे महिन्यात ट्रँकेबार येथे थोडे सेवक जमले. त्यांत बहुतेक सारे भारतीय होते आणि त्यांच्यात वेदनायकम अझरय्या होते, हिंदुस्थानातील पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. तेथून २७ सप्टेंबर १९४७ ला, स्वातंत्र्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, मद्रासच्या सेंट जॉर्जेस कॅथीड्रलमध्ये दक्षिण भारत मंडळी स्थापन झाली. अठ्ठावीस वर्षे! बिशप अझरय्यांना तो दिवस दिसला नाही. १ जानेवारी १९४५ ला प्रभूने त्यांना बोलावून घेतले. आपल्या उत्तर भारतात लखनौच्या १९२९ च्या परिषदेपासून २९ नोव्हेंबर १९७० पर्यंत, म्हणजे नागपुरात सहा मंडळ्यांचे ऐक्य होईपर्यंत, एकेचाळीस वर्षे गेली, आणि इतकी वर्षे बरोबर चाललेला एक मोठा मेथॉडिस्ट गट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिला. ह्या काळात किती सभा झाल्या असतील, किती मसुदे दुरुस्त झाले असतील, किती जणांनी 'पुरे आता' म्हटले असेल! बिशप एकटे हुकूम काढून ऐक्य करू शकत नव्हते. प्रत्येक मंडळीच्या सभेत प्रश्न जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. ज्या रटाळ सभांचा आपण कंटाळा करतो, तशाच सभांतून आपली मंडळी जन्माला आली आहे.

त्यामुळे आज आपल्या घटनेत तिन्ही वारसे आहेत. बिशप आहेत, पण त्यांची निवड एकट्याच्या मर्जीने होत नाही. दक्षिण भारत मंडळीत धर्मप्रांताची कौन्सिल नावे सुचवते आणि सिनडची निवड समिती त्यांतून निवड करते, आणि ह्या दोन्ही ठिकाणी सामान्य सभासद बसलेले असतात. २०१३ मध्ये नंद्यालला ई. पुष्पा ललिता ह्यांच्या रूपाने दक्षिण भारत मंडळीला पहिली स्त्री-बिशप मिळाली. हा मार्गही अशाच सभांतून, हात वर करणाऱ्या आणि खाली ठेवणाऱ्या माणसांतून गेला. पाळक आहेत, त्यांना बिशप पाठवतात. पण त्यांच्याबरोबर बसून हिशेब पाहणारी कमिटी सभासदांनी निवडलेली असते. आणि सभासद आहेत, म्हणजे असायला हवेत.

येथे मला माझी कबुली दिली पाहिजे. पाळक म्हणून मी वार्षिक सभा लवकर उरकण्यात तरबेज होतो. हिशेब भरभर वाचायचा, 'कोणाला काही शंका?' असे विचारून श्वास घ्यायच्या आत 'सर्वानुमते मंजूर' म्हणायचे, आणि समारोपाची प्रार्थना करायची. मला वाटे, मी शांतता राखतो आहे. एका वर्षी एका विधवा भगिनीने उठून विचारले, "साहेब, मागच्या वर्षी गरीब फंडात उरलेले पैसे यंदा कोठे दिसत नाहीत." पैसे सुरक्षित होते, फक्त दुसऱ्या सदरात गेले होते, परंतु मी तिला नीट उत्तर देण्याऐवजी "बाई, ते आम्ही पाहतो" असे म्हणून बसवले. ती पुन्हा कधी सभेत बोलली नाही. पुढे पुढे सभेलाच येईनाशी झाली. यरुशलेमात बाराजणांनी कुरकुर ऐकून सभा बोलावली. मी कुरकुर दाबण्यासाठी सभा वापरली. त्या भगिनी आता प्रभूजवळ आहेत, म्हणून ही क्षमा मला तुमच्यासमोर मागावी लागत आहे.

ज्यांना शंका विचारू दिली जात नाही ते पुढे वकिलाकडे जातात. काही धर्मप्रांतांतील निवडणुका आणि मालमत्ता ह्यांचे वाद कोठवर पोहोचले आहेत हे वृत्तपत्रे वाचणाऱ्या ख्रिस्ती माणसाला सांगायला नको. त्याचा दोष नेहमी आपण पुढाऱ्यांवर टाकतो. पुढारी दोषी असतील. पण रिकाम्या बाकांपुढे कोणीही पुढारी होऊ शकतो. आपण घरी जेवायला गेलो, हे त्यांच्या पथ्यावर पडले.

आता पुन्हा आनेकलकडे. मी परत आलो त्यानंतर चार महिन्यांनी, ऑगस्टच्या पावसात, आक्का वारली. रात्री नऊच्या सुमारास. भाच्याने मला फोन केला तेव्हा तो रडत नव्हता, घाबरलेला होता. आईला ठेवायचे कोठे? गावी न्यायचे तर आठशेहून अधिक किलोमीटर. आनेकलच्या मंडळीचे कबरस्तान लहान. नियम असा की नोंदलेल्या सभासदालाच जागा. आणि हा तर पाहुणा! आम्ही गावच्या नामावलीत नाव कशासाठी ठेवतो? खरे बोलायचे तर पुष्कळदा मातीसाठी. जगताना जेथे असतो तेथे नाव नसते, आणि जेथे नाव असते तेथे मरण येत नाही.

त्याने पाळकांना फोन केला. पाळकांनी 'हो' म्हटले नाही. ते म्हणाले, "हे मला एकट्याला ठरवता येणार नाही. मी कमिटी बोलावतो." त्या क्षणी मला पाळकांचा रागच आला, हे मी लपवीत नाही. पण रात्री साडेदहाला, पावसात, कमिटीची माणसे चर्चच्या लहान खोलीत जमली. कोणी कारखान्याच्या पाळीवरून थेट आले होते. काय बोलणे झाले ते पुढे भाच्याला कळले. दोघांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे होते की जागा संपत आली आहे. आज एका बिगरसभासदाला दिली तर उद्या कोणाला नाही म्हणणार? जे वीस-तीस वर्षे वर्गणी भरत आले त्यांच्या म्हाताऱ्यांना कोठे ठेवणार? हे म्हणणे चुकीचे नव्हते; नियम त्यासाठीच केलेला होता. मग एक वयस्क बाई, कमिटीतली एकुलती स्त्री, एवढेच म्हणाली की अज्जी माझ्या शेजारी बसत असे. (आक्काला तेथे सगळे 'अज्जी' म्हणत. ती 'आजी'च ऐकत असे.) हात वर झाले. दोन विरुद्ध, बाकीचे बाजूने. सकाळी कबर खणली जात होती तेव्हा चिखलात उतरून पाणी उपसणाऱ्यांत विरोध केलेल्या दोघांपैकी एकजण होता.

ही गोष्ट मी मनात पुष्कळ उलटून पाहिली आहे. पाळकांनी दया दाखवून स्वतःच्या अधिकारात 'हो' म्हटले असते तर आमच्यावर एका माणसाचे उपकार झाले असते, आणि त्या दोघांच्या मनात कायमची अढी राहिली असती. जागा सभेने दिली, म्हणून ती मंडळीची झाली. विरोध करणाराला आपले म्हणणे मांडता आले, तो हरला, आणि फावडे घेऊन आला. यरुशलेमच्या मोठ्या सभेतही, अध्याय १५ मध्ये, कडाक्याचा वाद झाल्याचे लूक सांगतो. पेत्र बोलला, बर्णबा व पौल बोलले, याकोब बोलला, आणि मग प्रेषित, वडील व सर्व मंडळी ह्यांनी मिळून ठरवले. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा मार्काला बरोबर न्यावे की नाही ह्यावरून भांडून वेगळे झाले, ही मात्र वेगळी गोष्ट. त्यांनी ती सभेपुढे आणली असती तर काय झाले असते, असा विचार माझ्या मनात कधी कधी येतो.

म्हणून, परमुलखात राहणाऱ्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो, तुम्हांला माझी विनंती आहे. यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांना लिहिलेले पत्र, अध्याय २९, आज रात्री काढून वाचा. ज्यांना उद्याच परत जायचे आहे असे वाटत होते त्यांना तो घरे बांधा, बागा लावा आणि त्या नगरासाठी प्रार्थना करा असे सांगतो. तुम्ही तर बंदिवान नाही. पगारपत्रक घेऊन आलेले आहात. गावच्या पाळकांना पत्र लिहून आपला दाखला मागवा. जेथे प्रभुभोजन घेता तेथे तो द्या. तेथली वर्गणी पावती घेऊन भरा. नुसते थैलीत टाकू नका, कारण थैलीतल्या नोटेला नाव नसते आणि तिला कोणी जाब देत नाही. भाषा येत नाही म्हणून सभेला बसायचे नाही असे म्हणू नका. वार्षिक हिशेबातले आकडे कोणत्याही भाषेत सारखेच असतात. जमा आणि खर्च जुळत नसतील तर ते मराठीतही जुळणार नाहीत. मराठी उपासनेची महिन्यातून एक वेळ हवी असेल तर ती दाराबाहेर चहा पिताना मागू नका. सभेत उभे राहून मागा, आणि नाही म्हटले तर पुढच्या वर्षी पुन्हा मागा.

आणि गावच्या मंडळ्यांनो, नावे धरून ठेवू नका. सभासदसंख्या मोठी दिसावी म्हणून दाखला अडवणे हे मुलाला सासरी न पाठवण्यासारखे आहे.

ज्यांची भाषा आपल्या मंडळीत बहुसंख्यांची आहे त्यांनाही, म्हणजे महाराष्ट्रात तुम्हां-आम्हांलाच, हे लागू आहे. पुण्याच्या किंवा नाशिकच्या मराठी मंडळीत मागच्या बाकावर बसणारे ते तमिळ, तेलुगू, झारखंडी, ईशान्येकडील तरुण कोण आहेत? त्यांना आपल्या सभेच्या सूचनेतला एक शब्द तरी कळतो का? सूचना त्यांना समजेल अशा भाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत, दोन ओळींत पुन्हा सांगायला किती वेळ लागतो? इतिवृत्ताचा सारांश फलकावर लावायला काय खर्च येतो? आणि हिशेबाची वही त्यांच्यापैकी एकाच्या हाती द्यायचे धैर्य आपल्याला आहे का? प्रेषितांनी भाकरी वाटायला नेमलेला स्तेफन त्याच ग्रंथात पुढे पहिला रक्तसाक्षी झाला, आणि फिलिप्प शोमरोनात सुवार्ता घेऊन गेला व कूशी अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा त्याच्या हातून झाला. जेवणाच्या पंगतीचा हिशेब ठेवायला निवडलेली ही माणसे होती.

भाच्याचा दाखला त्या नाताळाच्या आधी आनेकलला पोहोचला. नोंदवहीत त्याच्या कुटुंबाची नावे कन्नड लिपीत लिहिली गेली. ती त्याला वाचता येईनात, तेव्हा चिटणिसांनी त्याचे बोट धरून ओळीवर ठेवले. पुढच्या एप्रिलमध्ये आशीर्वादानंतर तो आणि त्याची पत्नी बसून राहिली. सभा पावणेतीन तास चालली. फोनवर मला म्हणाला, "मामा, निम्मंच समजलं." कबरस्तानाला नवी भिंत बांधण्याचा ठराव आला होता. त्याचे मत असे की आधी पाण्याचा निचरा करावा, भिंत नंतर. आईच्या वेळचा चिखल त्याने पाहिला होता. मोडक्या कन्नडमध्ये त्याने तसे सांगितले आणि विरुद्ध हात वर केला. ठराव मंजूर झाला.

भिंतीची वर्गणी त्याने पुढच्या रविवारी भरली.